कुंडीतल्या झाडांची पानं दर उन्हाळ्यात पिवळी पडतात? औषध मारण्याआधी हे तपासा

होळी झाली की माझ्या फोनवर पानांचे फोटो यायला लागतात. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतल्या शेजारणी, माझी नणंद, भाचीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी, असे कुणाकुणाचे. कुणाची जास्वंद पिवळी पडलेली असते, कुणाच्या अरेका पामची टोकं करपलेली, कुणाच्या अग्लोनिमावर चट्टे. फोटोखाली ओळ मात्र एकच असते: "ताई, काय मारू?"

नाशकात हा प्रश्न असाच येणार. इथे घरटी कुणीतरी द्राक्षबागवाला नात्यात असतोच, आणि बागेत पानावर डाग दिसला की लगेच पंप जोडावा लागतो. डावणी हा द्राक्षावरचा रोग आला तर दोन-चार दिवसांत घड हातचे जातात, तिथे विचार करत बसायला वेळ नसतो. तीच सवय आपण घरच्या कुंड्यांना लावतो. पण कुंडीतलं झाड आठ-दहा किलो मातीत अडकलेलं असतं. पाणी आपण देऊ तेच त्याला मिळतं, ऊन आपण ठेवू तिथलंच. त्यामुळे बिघाडही बहुतेक वेळा पाणी, माती नाहीतर जागा यांतलाच निघतो. चौदा वर्षं गच्चीवर ऐंशी-नव्वद कुंड्या सांभाळते आहे. पानं खराब झाली म्हणून मी उपसून पाहिलेल्या झाडांत खऱ्या रोगाची झाडं थोडी होती, मुळांपाशी काहीतरी बिघडलेली पुष्कळ. म्हणून "काय मारू" या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. आधी उलट प्रश्न विचारते.

पान कुठलं आणि डाग कुठे

पहिला प्रश्न: खराब झालंय ते खालचं जुनं पान आहे की शेंड्याचं नवं? एवढ्या एका उत्तराने अर्धा गुंता सुटतो. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाला देऊ शकतं. त्यामुळे यांची कमतरता असली की आधी खालची पानं जातात. पूर्ण पान सरसकट फिकट पिवळं होत गेलं तर नत्र. शिरांच्या मधला भाग पिवळा आणि शिरांकडचा हिरवा राहिला तर मॅग्नेशियम. पानाची कड करपली तर पालाश. लोहाचं तसं नाही. एकदा पानात गेलेलं लोह तिथेच राहतं, झाडाला ते दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून लोह कमी पडलं की जुनी पानं हिरवीगार दिसतात आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी निघतात, वर हिरव्या शिरांची बारीक जाळी.

दुसरा प्रश्न मातीचा. वरची माती कोरडी दिसते म्हणून पाणी घालू नका. बोट दोन पेरं आत घाला. कुंडी मोठी असेल तर विझलेल्या उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा आणि पाच मिनिटांनी काढा. काडीला ओली माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नाही. तिसरं म्हणजे पान उलटं करून बघा. चष्मा लागत असेल तर फोनच्या कॅमेऱ्याने मागची बाजू मोठी करून बघा. फोटो पाठवणाऱ्या दहातल्या नऊ जणी पानाची वरची बाजूच पाठवतात, आणि किडी बसतात मागे.

आणखी एक गोष्ट मी सगळ्यांना करायला लावते. डाग जिथे संपतो तिथे पानावरच बॉलपेनने हलकी रेघ मारा आणि चार दिवस थांबा. डाग रेघेच्या आतच राहिला तर ती जुनी इजा आहे, ऊन, मार, खताचा चटका असं काहीतरी, आणि ती होऊन गेलेली आहे. रेघ ओलांडून पुढे गेला, किंवा शेजारच्या पानावर तसाच नवा उमटला, तर मग बुरशी-जिवाणूचा संशय घ्यायला जागा आहे.

माझा अनंत आणि तीन उन्हाळे

आता दरवर्षी परत येणाऱ्या त्रासाबद्दल. हा मला माझ्या अनंताच्या झाडाने शिकवला, आणि त्यात तीन वर्षं गेली.

अनंत चौदा इंची सिमेंटच्या कुंडीत होता. जुलै ते जानेवारी पानं अशी चकचकीत की हात फिरवावासा वाटावा. एप्रिल लागला की शेंडे पिवळे. आधी पोपटी, मग लिंबासारखे, मेच्या मध्यापर्यंत सगळ्यात वरची दोन पानं जवळजवळ पांढरी, आणि त्यांवर शिरा हिरव्या पेन्सिलीने काढल्यासारख्या. कळ्या धरायच्या आणि गळायच्या. पहिल्या वर्षी मी एप्सम सॉल्ट घातलं, कारण सगळे तेच सांगतात. त्यात असतं मॅग्नेशियम, आणि वर सांगितलं तसं मॅग्नेशियमची खूण जुन्या पानांवर दिसते. म्हणजे औषध पूर्ण चुकीचं. दुसऱ्या वर्षी गांडूळखताचा थर दिला, गावाकडून आणलेली चुलीची राख घातली, अंड्याची टरफलं कुटून घातली. त्या मे महिन्यात झाड सगळ्यात वाईट दिसत होतं.

तिसऱ्या वर्षी माझे चुलतदीर जेवायला आले होते. त्यांची बाग दिंडोरी तालुक्यात आहे. गच्चीवर हात धुताना त्यांनी अनंताकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हे लोहाचं आहे. आमच्या चुनखडीच्या रानात वेली अशाच पिवळ्या पडतात." त्यांनी हिराकस द्यायला सांगितलं, म्हणजे फेरस सल्फेट. मी मातीत घातलं. काहीच फरक पडला नाही. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मातीत नको होतं टाकायला. चुनखडीत हिराकस टाकलं की त्याचा गंज होतो, मुळांना मिळत नाही. पानावर द्यायचं." ते मला पटलं, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. माझ्या कुंडीत चुनखडी आली कुठून? लाल माती, कोकोपीट आणि शेणखत मी स्वतः मिसळलं होतं. आणि चुनखडी असती तर जुलैत झाड आपोआप हिरवं का व्हायचं?

उत्तर स्वयंपाकघरात होतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे डाळ शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात. बादलीच्या कडेला पांढरं वर्तुळ धरतं, साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात. हे आम्ही सगळे दरवर्षी बोलतो. पण ते पाणी झाडांनाही जातं, हे तोवर लक्षातच आलं नव्हतं. वॉचमनदादांना विचारलं तर ते म्हणाले, "मार्चपासून बोअर चालू असते ना ताई. नळाचं पाणी पुरत नाही, मग टाकीत दोन्ही मिसळतो. पाऊस लागला की बंद." वॉटर प्युरिफायर दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाकडे पाण्यातले क्षार मोजायचा पेन होता. त्याने दोन ग्लास मोजून दाखवले. बोअरच्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्याच्या सहापट आला.

आपल्या भागातला खडक काळा पाषाण, बेसाल्ट. त्यातून मुरून येणारं बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं, त्यात बायकार्बोनेट असतात. ते रोज कुंडीत पडलं की माती हळूहळू अल्कधर्मी होते, म्हणजे तिचा सामू (पीएच) वाढतो. अनंत, जास्वंद, इक्झोरा, गुलाब यांना किंचित आम्लधर्मी माती लागते, साडेपाच ते साडेसहा सामूची. सामू सातच्या वर गेला की मातीत लोह असूनही ते अशा रूपात जातं की मूळ ते घेऊ शकत नाही. म्हणजे अनंताच्या मातीत लोह होतं, पण ते कुलूपबंद झालं होतं. मी घातलेली राख आणि अंड्याची टरफलंही सामू वाढवणारीच, म्हणजे त्या कुलपाला आणखी एक कडी. नवी सिमेंटची कुंडीही सुरुवातीची एक-दोन वर्षं चुना सोडते, ती वेगळीच भर. जूनमध्ये पावसाचं मऊ पाणी पडायचं, क्षार धुऊन खाली जायचे आणि जुलैत झाड हिरवं व्हायचं. त्याचं श्रेय मी मेमध्ये जे काही घातलं असेल त्याला देत असे. हे दुष्टचक्र असं चालतं: चुकीचा उपाय करायचा, पावसाने झाड सुधारायचं, आणि पुढच्या वर्षी तोच उपाय पुन्हा.

तुमच्याकडे हेच असेल तर खुणा अशा. पिवळेपणा शेंड्याकडून येतो. मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतो. कुंडीच्या काठावर, तळाच्या छिद्राभोवती किंवा मातीच्या वरच्या थरावर पांढरी खरपुडी दिसते. एकाच वेळी जास्वंद, अनंत, गुलाब बिघडतात, पण त्याच ओळीतली बोगनवेल आणि अडेनियम ठणठणीत असतात.

आता मी काय करते ते सांगते. वरचा दोन इंच पांढरट थर खरवडून टाकते. मग कुंडी बाथरूममध्ये किंवा गच्चीच्या मोरीपाशी नेऊन मऊ पाण्याने धुऊन काढते. कुंडीत जेवढी माती मावते त्याच्या दुप्पट मापाचं पाणी, घाईने न ओतता अर्ध्या-पाऊण तासात थोडं थोडं सोडायचं, खालून निथळून जाऊ द्यायचं. बशीत साचलेलं पाणी झाडाला परत प्यायला ठेवायचं नाही. मऊ पाणी कुठून आणायचं? एसीच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी उन्हाळ्यात दिवसाला बादलीभर मिळतं, त्यात क्षार नसल्यासारखेच असतात. महापालिकेचा नळ थेट येत असेल तर सकाळी तेच भरून ठेवायचं, टाकीचं घ्यायचं नाही. आणि पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप ठेवायचं. पहिल्या दोन सरी गच्ची धुऊन जाऊ द्यायच्या, मग भरायचं.

लोह द्यायचं तर कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मागा, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं लोह, पण पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं आहे का बघून घ्या. ईडीटीए नावाचं स्वस्त मिळतं, ते सामू साडेसहाच्या पुढे गेला की मातीत टिकत नाही, आणि आपली अडचण नेमकी तीच आहे. ईडीडीएचएची पूड तांबडी-तपकिरी असते, पाण्यात टाकली की कोकमाच्या सरबतासारखा रंग येतो. बारा-चौदा इंची कुंडीला एक ग्रॅम, लिटरभर पाण्यात विरघळवून, ओल्या मातीत, संध्याकाळी. उजेडात ते लवकर खराब होतं म्हणून वरून पुन्हा थोडं साधं पाणी द्यायचं, म्हणजे खाली उतरतं. ते मिळालं नाही तर हिराकस पानांवर: दोन ग्रॅम लिटरला, त्यात चिमूटभर लिंबूसत्व, ऊन उतरल्यावर. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस बघा, कारण कोवळ्या पानांना चटका बसतो. फरशीवर पडलं तर तांबडे डाग जात नाहीत, हेही लक्षात ठेवा.

जी पानं पांढरी पडली ती परत गर्द होतील अशी आशा ठेवू नका. बघायचं ते नव्या पानांकडे. अनंताला मी २० एप्रिलला धुतलं, लोह दिलं, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघालेली पानांची जोडी हिरवी निघाली. त्याच्या मागची चार पानं पावसाळाभर तशीच फिकट राहिली.

फक्त टोकं जळतात तेव्हा

अरेका, ड्रेसिना, स्पायडर प्लांट, पीस लिली. पान हिरवं, पण टोक तपकिरी, कोरडं, कात्रीने कापलं तरी पंधरा दिवसांत पुन्हा जळतं. सगळे म्हणतात हवा कोरडी आहे, पाणी शिंपडा. नाशिकचा एप्रिल कोरडा असतो हे खरं, पण माझा पहिला प्रश्न असतो: "प्युरिफायरचं वाया जाणारं पाणी घालता का?" बहुतेक वेळा हो असतं. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगलीच आहे, पण ते यंत्र आपल्या ग्लासातले क्षार काढून त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात टाकतं. पाणी मुळात जड असेल तर ते आणखी जड होऊन कुंडीत जातं. झाड पाणी पितं, पानाच्या टोकाशी पाणी उडून जातं, क्षार तिथेच साठतात आणि टोक जळतं. ते पाणी फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा. झाडांनाच घालायचं असेल तर निम्म्याहून जास्त साधं पाणी मिसळा, आणि अरेका-ड्रेसिनाला तर नकोच. जास्त रासायनिक खतानेही नेमकं असंच टोक जळतं. खत देऊन आठ-दहा दिवसांत झालं असेल तर उपाय तोच, धुऊन काढणं.

झडीतला पिवळा रंग

जुलै-ऑगस्टमध्ये प्रश्न उलटा होतो. आठ आठ दिवस झड लागते, ऊन दिसत नाही, आणि तरी सवयीने रोज सकाळी मग्गा फिरतो. खालची पानं पिवळी, लुळी, हात लावला की गळतात. झाड मान टाकतं. मान टाकली म्हणून आपण आणखी पाणी घालतो. मुळं सडली की ती पाणी ओढूच शकत नाहीत, त्यामुळे पाण्यात उभं असलेलं झाड तहानलेल्यासारखं दिसतं. कुंडी उचलून पाहा, जड लागेल. तळाच्या छिद्रात नाक नेऊन वास घ्या. आंबूस, गटारासारखा वास आला तर झाड बाहेर काढायलाच हवं. चांगलं मूळ पांढरं-पिवळसर आणि कडक असतं. सडलेलं मूळ तपकिरी, चिमटीत ओढलं की साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखं उरतं. ते सगळं कापायचं, नव्या भुसभुशीत मातीत लावायचं, आणि मुळं कमी झाली तेवढी वरची पानंही कमी करायची.

इथे एक गोष्ट जरा खोलात सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. नर्सरीतून आणलेली पुष्कळ शोभेची झाडं आंध्रातल्या कडियमकडून ट्रकने आलेली असतात, आणि त्यांच्या मुळांभोवती चिकट मातीचा गच्च गोळा असतो. आपण तो गोळा तसाच उचलून कोकोपीटच्या हलक्या मातीत ठेवतो. मग होतं असं, की बाहेरची माती पाणी पिते आणि गोळा वीट होऊन बसतो. उन्हाळ्यात पाणी गोळ्याच्या बाजूने निसटून जातं, झाड आतून कोरडं राहतं. पावसाळ्यात गोळ्यात शिरलेलं पाणी बाहेर येत नाही, मुळं गुदमरतात. एकच गोळा, दोन्ही ऋतूंत पानं पिवळी. गेल्या वर्षी शेजारच्या काकूंचं क्रोटन मी उपसलं तेव्हा कुंडीत वर्ष झालेलं असूनही एकही मूळ गोळ्याबाहेर आलं नव्हतं. झाड आणल्यावर आठ दिवस सावलीत सावरू द्या, मग गोळा पाण्याच्या बादलीत तासभर ठेवून बोटांनी बाहेरची निम्मी माती सोडवा. हे जून-जुलैत करा, मेमध्ये नको.

मागच्या बाजूचे पाहुणे

मार्च ते मे, कोरडी हवा, भिंतीलगत ठेवलेल्या कुंड्या. पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके, पान धुळकट, निस्तेज, नंतर पितळेसारखं. हा लाल कोळी. पानाखाली पांढरा कागद धरा आणि पानावर दोन टिचक्या मारा. कागदावर धूळ पडेल. अर्धा मिनिट स्थिर धरा. त्या धुळीतले काही कण चालायला लागले तर निदान झालं. बोटाने घासलं की तांबूस रेघ उमटते.

कोळी हा कीटकच नाही, त्याला आठ पाय. म्हणून दुकानात सर्रास हातात देतात ते इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक त्याच्यावर चालत नाही, उलट त्याने कोळी वाढल्याची उदाहरणं आहेत. फुलांच्या झाडांवर ते मारलं तर मधमाश्यांचा घात होतो, ते आणखी वेगळं. पहिला उपाय पाण्याचा: पाइपाला अंगठा लावून पानांच्या मागच्या बाजूने जोरदार फवारा, दर तीन दिवसांनी, किमान दोन आठवडे. नेमाने करायचं कारण उन्हाळ्यात त्यांची नवी पिढी आठवडाभरात तयार होते. तेवढ्याने आटोक्यात आलं नाही तर निंबोळी तेल पाच मिली, त्यात एक-दोन मिली भांड्यांचा पातळ साबण, लिटरभर कोमट पाण्यात, संध्याकाळी. उन्हात मारलं तर तेलामुळेच पान भाजतं.

जास्वंदीच्या पेरांत कापसाचे बोळे दिसले तर तो पिठ्या ढेकूण, द्राक्षवाल्यांचा मिलीबग. मुंग्यांची रांग चढताना दिसली की समजायचं, वर त्याची वस्ती आहे. पानावर चिकट थर आणि काळी काजळी धरते ती त्याच्याच गोड विष्ठेवर. काजळीवर बुरशीनाशक मारून उपयोग नाही. सुरुवात असेल तर कानकोरणीचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढा. वस्ती मोठी असेल तर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही जैविक पूड पाच ग्रॅम लिटरला, ढगाळ आणि दमट दिवस बघून मारा. कोवळी पानं मुरडलेली, वर चंदेरी ओरखडे आणि काळे टिंबासारखे ठिपके असतील तर फुलकिडे.

गुलाब

मोगल काळात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं, आणि अजूनही नाशिककराच्या गच्चीवर गुलाब असतोच. त्याचे दोनच आजार ओळखायला शिकलात तरी पुरे. थंडीच्या दिवसांत कोवळ्या पानांवर पिठूर पांढरं आलं तर भुरी. पावसाळ्यात खालच्या पानांवर झालरीसारख्या कडेचे काळे गोल ठिपके आले, भोवती पिवळं झालं आणि पान गळलं तर काळा ठिपका. दोन्हींचा स्वभाव उलटा. काळ्या ठिपक्याच्या बुरशीला रुजायला पान सहा-सात तास सलग ओलं राहावं लागतं. म्हणून रात्री झाडावरून पाणी ओतू नका, बुंध्याशी द्या, सकाळी द्या, आणि गळलेली पानं वेचून टाका, ती कुंडीत कुजू देऊ नका. भुरीला ओलं पान लागत नाही, तिला दाटी आणि कोंदट हवा पुरते. मधल्या फांद्या छाटून हवा खेळती करा. पाण्यात मिसळणारं गंधक दोन ग्रॅम लिटरला भुरीवर चालतं, पण फक्त थंडीत. दुपारचा पारा बत्तिसाच्या वर जात असेल तर गंधकाने पानं करपतात.

ऊन आणि थंडी

ही दोन थोडक्यात. हिरव्या जाळीखाली वाढलेलं झाड एप्रिलमध्ये आणून थेट गच्चीच्या उन्हात ठेवलं की पश्चिमेकडच्या पानांवर कागदासारखे पांढरे-तपकिरी पट्टे पडतात. बॉलपेनची रेघ इथे लगेच निकाल देते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला की अग्लोनिमा, डिफेनबेकिया, कॅलेथिया यांची पानं एका रात्रीत उकडल्यासारखी गडद आणि लुळी होतात. निफाडचा पारा पेपरात यायला लागला की ही झाडं खिडकीच्या आत घ्या. चाफा आणि अडेनियम मात्र थंडीत पानं गाळतातच, ते आजारी नसतात. त्यांचं पाणी तेवढं कमी करा.

पंप उसना आणू नका

दोन वर्षांपूर्वी गावाकडून एक फवारणी पंप आणला होता, गुलाबांना निंबोळी तेल मारायला. दोनदा विसळला होता. आठ दिवसांत गुलाबाचे नवे शेंडे पिळवटले, पानं पंख्याच्या पात्यांसारखी अरुंद आणि शिरा एकमेकींना खेटून समांतर निघाल्या. टोमॅटोच्या कुंडीतही तेच. मी व्हायरस समजून तीन गुलाब टाकून दिले. नंतर कळलं, त्या पंपाने आधी मक्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं. प्लॅस्टिकच्या टाकीत, नळीत, वायसरात ते राहून जातं आणि दोन विसळण्यांनी निघत नाही. ठेवलेला चौथा गुलाब पुढच्या फुटीला बरा झाला. तेव्हापासून घरच्या झाडांना दोन लिटरचा स्वतःचा छोटा पंप, आणि त्यात तणनाशक कधीही नाही.

पानं सगळी गळून झाड काडी झालं असेल तर टाकण्याआधी बुंध्याची साल नखाने जरा खरवडा. आत तपकिरी आणि कोरडं लागलं तर थोडं खाली खरवडा, अगदी मातीपर्यंत या. कुठेही हिरवं आणि ओलसर दिसलं तर त्याच्या एक बोट वर छाटा, कुंडी सकाळच्या उन्हात सरकवा, आणि नवी फूट चार पानांची होईपर्यंत कुठलंही खत घालू नका.